बंगल्याच्या पूलमध्ये साप, बेडूक, माकडं येतात: आधी त्यांना बाहेर पडायची वाट द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अलिबागजवळच्या वाडीत तुमचा तीस बाय पंधरा फुटांचा पूल आहे. जूनचा पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्यात पाच-सहा बेडूक असतात, मधूनच एखादा खेकडा, आणि गेल्या आठवड्यात दोनदा साप निघाला. पहिला रखवालदाराने काठीने मारला. दुसरा पंपाच्या बाजूला गेला आणि दिसेनासा झाला. तेव्हापासून मुलं पाण्यात उतरायला तयार नाहीत. क्लोरीन वाढवू का, कडेने कार्बोलिक अ‍ॅसिड टाकू का, की वरून मासेमारीचं जुनं जाळं अंथरू, असे तीन उपाय तुम्हाला लोकांनी सुचवले आहेत. उन्हाळ्यात मधमाश्या आणि माकडांचाही त्रास झाला होता, त्याचंही विचारलं आहे.

मी बावीस वर्षं अलिबाग-मांडवा, कर्जत आणि लोणावळा भागात बंगल्यांचे पूल सांभाळतो. सुचवलेल्या तिन्ही उपायांना माझं उत्तर नाही असं आहे. जाळ्याची तयारी केली असेल तर ती आजच थांबवा. का ते पुढे सांगतो, पण त्याआधी पूल म्हणजे त्या जनावराला काय वाटतं ते समजून घ्या, कारण सगळा उपाय त्यात आहे.

आपल्याला तो निळा, स्वच्छ पूल दिसतो. बेडकाला, सापाला, उंदराला ती बिनपायऱ्यांची विहीर असते. तुमच्यासारख्या स्किमरच्या पूलमध्ये, म्हणजे जिथे भिंतीतल्या तोंडातून वरचं पाणी आणि पाचोळा ओढला जातो, पाणी कडेच्या दगडापासून चार-पाच इंच खाली असतं. भिंतीला गुळगुळीत टाइल, आणि वर कोपिंगचा, म्हणजे काठावरचा, दगड थोडा आत आलेला. बेडूक पोहतो उत्तम, पण उडी मारायला पायाखाली काहीतरी टणक लागतं, ते पाण्यात मिळत नाही. सापालाही पोहता येतं, सगळ्याच सापांना येतं, पण ओल्या टाइलवर त्याच्या पोटाच्या खवल्यांना पकड मिळत नाही. मग तो जीव रात्रभर भिंतीला लागून गोल गोल फिरत राहतो. सकाळी आपण बघतो तेव्हा तो आपल्या पूलमध्ये ‘आलेला’ दिसतो. खरं तर तो अडकलेला असतो, थकलेला असतो आणि आपल्याआधी त्यालाच तिथून जायचं असतं.

जुन्नर भागात उघड्या विहिरींत बिबटे पडतात, तेव्हा वनखात्याची माणसं काय करतात हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. दोर बांधून एक बाज खाली सोडतात. बिबट्या त्यावर चढून बसतो, दम घेतो, मग त्याला शिडीने किंवा पिंजऱ्यातून बाहेर काढतात. मला पूलसाठी सुचलेला उपाय त्याच बाजेचा लहान अवतार आहे. परदेशात यासाठी फुगवलेल्या तरंगत्या पायऱ्या मिळतात, ‘फ्रॉगलॉग’ वगैरे नावाने. आपल्याकडे त्याची गरज नाही. काथ्याचं पायपुसणं मिळतं ना, एक फूट रुंद आणि तीन फूट लांब, ते घ्या. त्याच्या खालच्या टोकाला रिकाम्या, झाकण घट्ट लावलेल्या दोन प्लास्टिक बाटल्या बांधा, म्हणजे ते टोक पाण्यावर तरंगेल. वरचं टोक कडेवर आणून त्यावर जड दगड ठेवा. उतार जितका सौम्य तितका चांगला. काथ्या ओला झाला की बेडकाची बोटंही त्यात रुततात आणि सापाचं पोटही. बाजूची कड पूलच्या भिंतीला चिकटलेली हवी, कारण अडकलेलं जनावर भिंतीच्या कडेकडेनेच फिरतं. पट्टी भिंतीपासून हातभर लांब असेल तर ते तिच्या मागून निघून जातं आणि पुन्हा फेरी मारतं. हे मी पहिल्या वर्षी चुकलो होतो. पट्टी टाकली होती, तरी सकाळी दोन बेडूक मेलेले सापडले.

किती लावायच्या? तुमच्या पूलला पावसाळ्यात चार, एरवी समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन पुरतात. एक तरी स्किमरच्या तोंडाजवळ हवीच. आणि एक अशा कोपऱ्यात, जिथे सकाळी पाचोळा जमलेला दिसतो. कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, त्यामुळे बहुतेक पूलमध्ये पाचोळा पूर्वेच्या अंगाला साठतो आणि थकलेला बेडूकही तिकडेच ढकलला जातो. पण बंगल्याच्या भिंतींमुळे वारा वळतो, म्हणून माझ्यापेक्षा तुमच्या पाचोळ्यावर विश्वास ठेवा. संध्याकाळी शेवटचं माणूस पाण्यातून बाहेर पडलं की पट्ट्या सोडायच्या, सकाळी मुलं उतरण्याआधी काढून वाळत घालायच्या. एवढंच रोजचं काम. ज्या वाड्यांमध्ये हे नेमाने होतं तिथे सकाळी पाण्यात सापडणाऱ्या जनावरांचं प्रमाण इतकं खाली येतं की मालकांचा विश्वास बसत नाही.

आता तो दुसरा साप. ‘पंपाच्या बाजूला गेला’ याचा अर्थ तो बहुधा स्किमरमध्ये किंवा पंपरूममध्ये असेल, निदान एकदा तरी तिथे गेलेला असेल. स्किमरचं तोंड म्हणजे भिंतीतलं एकुलतं एक अंधारं भोक, आणि पाणीही तिकडेच ओढलं जातं. पंप चालू असेल तर जनावर आत खेचलं जातं आणि बास्केटमध्ये अडकून मरतं. पंपरूम तर पावसात कोरडी, उबदार आणि शांत. रखवालदाराला बजावून सांगा की स्किमरचं झाकण हाताने उचलायचं नाही. लांब आकड्याने ओढायचं, दोन पावलं मागे उभं राहून टॉर्चने आत बघायचं आणि मगच बास्केट काढायची. माझ्याकडच्या एका पोऱ्याने सवयीने आत हात घातला आणि विरोळ्याने त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला. विरोळा बिनविषारी असतो, पण तो विरोळाच होता हे आम्हाला इस्पितळात गेल्यावर, डॉक्टरांनी काही तास देखरेखीखाली ठेवल्यावर पटलं. ते तास मी विसरलेलो नाही. पंपरूमच्या दाराखाली जी फट आहे तिला रबराची पट्टी लावा. केबल आणि पाइप जिथून आत येतात ती भोकं सिमेंटने बुजवा. पंपावर पोती, जुने कपडे, रंगाचे डबे ठेवायची पद्धत बंद करा.

ज्यांचा पूल ओव्हरफ्लोचा आहे, म्हणजे पाणी काठावरून चरात वाहतं, त्यांनी कडेच्या चरावरची ग्रेटिंग आठवड्यातून एकदा उचलून बघावी. साप, खेकडे, बेडूक तिथे पूलपेक्षा जास्त असतात, आणि तो चर बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे वाहून आलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीत, उतरतो. त्या टाकीत पडलेल्या जनावराकडे महिनोन्‌महिने कुणाचं लक्ष जात नाही. टाकीतही एक काथ्याची दोरी कायमची सोडून ठेवा.

पुन्हा साप दिसला तर पहिली गोष्ट, मुलांना शांतपणे बाहेर काढा, कुत्र्याला आत बांधा आणि पंप बंद करा. ओरडू नका, पाणी उडवू नका, जाळीने ढोसू नका. पायपुसण्याची पट्टी जवळच्या कोपऱ्यात सोडा आणि सगळे दहा-पंधरा फूट मागे या. फक्त एक माणूस नजर ठेवायला उभा करा, साप कुठे गेला ते कळायला हवं. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तो स्वतः वर येतो आणि कुंपणाकडे निघून जातो. न गेला, घराकडे वळला किंवा पंपरूममध्ये शिरला तर वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. तुमच्या भागातल्या सर्पमित्राचा नंबर आधीच मिळवून पंपरूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ऐनवेळी शोधत बसायला नको.

ओळखायचा प्रयत्न करू नका. पाण्यात दिसणारा साप आपल्याकडे बहुतेकदा विरोळा असतो. त्याला कुणी दिवड म्हणतं, कुणी पाणदिवड. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, स्वभाव चिडका. धामणही येते. पण नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे चारही विषारी साप रायगडात आहेत आणि पाण्यात यांतला कुठलाही पडू शकतो. मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या यांच्यात तर रात्री टॉर्चच्या उजेडात भल्याभल्यांची गफलत होते. मण्यारीचा दंश दुखतही नाही, सूजही फारशी येत नाही. नंतर पापण्या जड व्हायला लागतात आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून चावला तर, साप कुठलाही असो, १०८ ला फोन आणि थेट असं रुग्णालय जिथे प्रतिसर्पविष आहे. हात-पाय हलवू द्यायचा नाही, अंगठी-बांगडी काढायची. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ते औषध असतं हे आजच चौकशी करून ठेवा.

तुमच्या रखवालदाराने साप मारला त्याबद्दल त्याला रागावू नका, तो घाबरला होता आणि त्याने मुलांसाठी केलं. पण त्याला दोन गोष्टी सांगा. नाग, घोणस, धामण, विरोळा या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि मारणं हा गुन्हा आहे. दुसरं, सर्पदंशाच्या ज्या घटना मी पूलवर पाहिल्या त्यांतल्या बहुतेक मारायला किंवा पकडायला गेल्यावर घडल्या. अडकलेला साप चवताळतो. वाट मिळालेला साप निघून जातो.

आता कार्बोलिक. साप त्या वासाने येत नाही, ही समजूत कोकणात घराघरांत आहे. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं बाटल्याच्या बाटल्या ओतल्या आहेत आणि त्याच कडेवरून साप सरपटत गेलेला पाहिलाय. ते माणसाच्या कातडीला भाजतं, कुत्रा-मांजर तिथून चालून पंजे चाटतात, आणि पावसात ते वाहत तुमच्या पूलमध्ये येतं. पाण्यातल्या क्लोरीनशी त्याचा संयोग झाला की क्लोरोफेनॉल नावाचे पदार्थ तयार होतात, पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो आणि तो जाता जात नाही. फिनेल, डांबराच्या गोळ्या, गंधक, लसणाचं पाणी यांचीही तीच गत. पैसे वाचवा.

क्लोरीन वाढवण्याचं म्हणाल तर सापाला त्याने काही फरक पडत नाही. बेडकाला पडतो, पण तो येण्याआधी नाही, आल्यावर. बेडूक कातडीतून पाणी शोषतो. कडक क्लोरीनमध्ये तो काही तासांत मरतो आणि तुमच्याकडे जिवंत बेडकाऐवजी मेलेला बेडूक येतो. मुलांच्या डोळ्यांना आग होते ते वेगळंच. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८, एवढंच ठेवायचं, पण ते चोवीस तास ठेवायचं. बंगल्यांमध्ये हे राहत नाही, कारण मालक शनिवार-रविवारी येतात आणि सोमवारी पंप बंद होतो. त्यात आपला पाऊस. एका रात्री धो धो कोसळला की पूल भरून वाहतो आणि क्लोरीन त्याच्याबरोबर वाहून जातं. मंगळवार ते शुक्रवार तुमचा पूल म्हणजे साधं तळं असतं.

बेडकाला हेच हवं असतं. पहिल्या दोन-चार सरींनंतर त्यांची वीण सुरू होते, आणि त्यांना स्थिर पाणी लागतं. पाणी हलतं असेल तर ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून जूनच्या पहिल्या पावसापासून ऑगस्टपर्यंत पंप रात्रीचा चालवा, दिवसाचा कमी करा. तेवढ्याच विजेत दुप्पट फायदा होतो. पाण्यात जेलीसारखे पुंजके दिसले की ती बेडकाची अंडी, काळ्या मण्यांच्या लांब माळा दिसल्या की भेकाची. एक-दोन दिवसांतच पिल्लं सुटतात, तेव्हा दिसल्या दिवशी बादलीने अलगद उचलून जवळच्या डबक्यात किंवा भाताच्या खाचरात सोडा. टीसीसीए, म्हणजे क्लोरीनची पावडर किंवा गोळ्या, टाकायचं असेल तर त्यानंतर. आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मला दरवर्षी चार-पाच फोन येतात: पूलच्या भिंतीवर, पाण्याच्या जरा वर, मुठीएवढा पांढरा फेसाचा गोळा. कुणी साबण टाकला, पाणी बिघडलं, असं मालकांना वाटतं. ते झाडावर राहणाऱ्या बेडकाचं घरटं असतं. अंडी फेसात असतात आणि पिल्लं फुटली की खालच्या पाण्यात टपटप पडतात. पातळ पत्र्याने किंवा कलथ्याने सोलून तो गोळा डबक्यावर झुकलेल्या फांदीवर ठेवला तर पिल्लं जगतात. मी ठेवतो.

बेडूक का येतात याचं मोठं कारण मात्र पाणी नसून दिवे असतात. मालक रात्री पूलमधले दिवे लावतात, कडेला पांढरे फोकस असतात. पावसाच्या सुरुवातीला पंखवाली वाळवी आणि पाखरं त्यावर झडप घालतात आणि पाण्यावर पसरतात. ती खायला बेडूक आणि पाली. बेडूक खायला विरोळा. तुमच्याकडचा दुसरा साप कुठून आला याचं उत्तर माझ्या मते त्या फोकसमध्ये आहे. पूलमधले दिवे कुणी पाण्यात असेल तेव्हाच लावा. कडेचे पांढरे दिवे काढून पिवळसर, कमी उंचीचे, खाली तोंड केलेले बसवा. किड्यांसाठी एखादा दिवा हवाच असेल तर तो पूलपासून दूर, कंपाउंडच्या टोकाला लावा. कर्जतच्या एका बंगल्यात आम्ही फक्त दिवे बदलले होते, बाकी काही केलं नव्हतं. त्या पावसाळ्यात सकाळची जाळी निम्मीही भरली नाही.

दुसरं कारण आसरा. तुमच्या वाडीला गडगा असेलच. मोकळ्या दगडांचा गडगा म्हणजे सापांचं गाव, आणि तो पाडा असं मी म्हणणार नाही, तो कोकणाचा आहे आणि तिथे साप असणं योग्यच आहे. फक्त गडगा आणि पूल यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची पट्टी स्वच्छ ठेवा: गवत कापलेलं, झावळ्यांचा ढीग नाही, सरपण नाही, उरलेले चिरे रचून ठेवलेले नाहीत. उघड्यावरून जायला साप कचरतो. रखवालदाराच्या कोंबड्या आणि तांदळाची पोती पूलपासून लांब न्या. दाण्यामागे उंदीर आणि घुशी येतात, त्यांच्यामागे नाग आणि धामण. घुशींचं आणखी एक नुकसान आहे, त्या कडेच्या फरशीखाली बिळं करतात आणि एक दिवस फरशी खचते. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि कोकणात पावसाळ्यात तो होतोच. क्लोरीन नीट असेल तर तो जंतू पाण्यात टिकत नाही. ‘आम्ही विहिरीचं नैसर्गिक पाणी ठेवतो, क्लोरीन टाकत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या मालकांची मला म्हणूनच काळजी वाटते.

जाळ्याकडे येऊ. नायलॉनच्या मासेमारीच्या जाळ्यात साप शिरतो, खवले अडकतात, आणि तो जितका धडपडतो तितका दोरा अंगात रुततो. कडेला कुंपण म्हणून लावलेल्या अशा जाळ्यातून मी धामणी कापून काढल्या आहेत, काही जगल्या नाहीत. पूलवर अंथरलं तर बेडूक त्यातून खाली जातातच, वर यायला मात्र वाट उरत नाही. आणि लहान मूल किंवा कुत्र्याचं पिल्लू त्यावर पडलं तर गुंडाळलं जाऊन बुडतं. सैल ताडपत्रीचाही हाच धोका, वर तिच्या खळग्यांत पाणी साचून डास होतात. अडसर करायचाच असेल तर पाव इंची भोकाची, ताठ राहणारी जस्ती जाळी घ्या. तीन फूट उंच, सहा इंच जमिनीत पुरलेली, वरची बाजू बाहेरच्या अंगाला कललेली. दाराखाली बोटभरही फट नको. एका ठिकाणी फट राहिली तर सगळा खर्च पाण्यात. माझ्या मते आधी पट्ट्या, दिवे आणि स्वच्छता करून एक पावसाळा बघा, बहुतेकांना जाळीची गरज पडत नाही. मुलांसाठी कुलपाचं फाटक मात्र हवंच.

आणि कुणी म्हणेल की पावसाळाभर पूल रिकामाच करून टाका, तर ते अजिबात करू नका. कोकणात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. भरलेल्या पूलचं वजन त्याला दाबून ठेवतं. रिकामा केला की खालचं पाणी त्याला नावेसारखं उचलतं, तळ फुटतो, भिंतींना चिरा जातात. शिवाय रिकामा पूल हा भरलेल्यापेक्षा वाईट सापळा. तळात थोडं हिरवं पाणी, डासांच्या अळ्या आणि वर न चढता येणारी जनावरं.

मेलेलं जनावर सापडलं तर घाबरून पूल उपसू नका. सगळ्यांना बाहेर ठेवा. हातमोजे घालून जाळीने उचला, दोन पिशव्यांत बांधा, खोल पुरा. जाळीही क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवा. मग मोकळं क्लोरीन २ पीपीएमवर आणा, पीएच ७.५ किंवा त्याखाली, पंप चालू, आणि अर्धा तास ते तसंच टिकवा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची मेलेल्या प्राण्यांसाठी आणि पक्ष्यांच्या विष्ठेसाठी हीच पद्धत आहे, पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम असावं ही तिची अट आपल्याकडे सहसा पाळली जातेच. मोठं जनावर असेल, दोन दिवस पडून राहिलेलं असेल तर मी त्यापुढे रात्रभर फिल्टर चालवतो, बॅकवॉश करतो, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुतो, आणि सकाळी पुन्हा तपासून मगच पूल उघडतो. बॅकवॉशचं पाणी ओढ्यात सोडू नका, बागेतल्या खड्ड्यात मुरवा. शेवाळासाठी मोरचूद टाकणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावं, माशांना ते विष आहे.

तळाशी विंचू पडलेला दिसला तर तो मेलाय असं समजू नका. विंचू तासन्‌तास पाण्याखाली जिवंत राहतो आणि जाळीतून बाहेर काढून फरशीवर टाकला की चालायला लागतो. रायगडातला लाल विंचू जीवघेणा असू शकतो. याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्याच्या विषावर उपचार रूढ केले आणि त्यामुळे पुष्कळ मुलं वाचली. दंश झाला की उतारा वगैरे न करता रुग्णालयच गाठायचं.

उन्हाळ्यातल्या मधमाश्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे लोक घाईने फवारणी करतात आणि पस्तावतात. मार्च ते मे पोळ्याला थंडावा द्यायला आणि अळ्यांना भरवायला माश्यांना पाणी लागतं. आग्या असो, सातेरी असो की फुलोरी, एकदा एका माशीला तुमचा पूल सापडला की ती बाकीच्यांना रस्ता दाखवते आणि मग सवय मोडत नाही. म्हणून मार्चची वाट बघायची नाही. फेब्रुवारीच्या मध्यालाच पूलपासून पन्नास-साठ फुटांवर, झाडाच्या सावलीत, त्यांच्यासाठी पाणी ठेवा. पसरट परात किंवा जुनी दगडी डोण, त्यात गोटे आणि वर भिजवलेलं गोणपाट, म्हणजे माशी बुडत नाही. ते एक दिवसही कोरडं पडू देऊ नका. कोरडं पडलं की त्या दुसरं पाणी शोधतात, ते तुमचं असतं. तीन-चार दिवसांनी घासून पाणी बदला, नाहीतर डास होतील. पूलच्या कडेला ओल्या फरशीवर माश्या बसतात, म्हणून दुपारी कड कोरडी ठेवा आणि मुलांना चप्पल घालायला लावा. जवळ आग्या मोहोळ असेल तर त्याला धूर, दगड, फवारा काही नाही. जाणकार माणूस बोलवा.

त्याच डोणीवर बुलबुल, मैना, खारी, मुंगूस येतील आणि माकडंही येतील. लाल तोंडाची माकडं पोहण्यात पटाईत असतात. लोणावळ्याला मी पिल्लांना पूलमध्ये सूर मारताना पाहिलंय आणि ते बघायला सुंदर असतं, पण त्यांची विष्ठा पाण्यात पडते आणि माणसावर दात विचकायलाही ती मागेपुढे बघत नाहीत. माकडांच्या बाबतीत पाण्यापेक्षा खाणं महत्त्वाचं. पूलच्या कडेला वेफरची पाकिटं, केळी, उष्ट्या ताटल्या राहिल्या नाहीत तर ती पाणी पिऊन जातात. कुणी एकदा जरी हातातून बिस्किट दिलं तर पुढची दोन वर्षं तुमची. वानरं पाण्यात सहसा उतरत नाहीत.

मोठ्या जनावरांचं एक उदाहरण सांगतो. एका वाडीत फाटक उघडं राहिलं आणि दुपारच्या उन्हात शेजाऱ्यांची म्हैस पूलमध्ये शिरली. ती खूश होती, घाबरलेली माणसं होती. तिच्या गळ्यात दोर घालून सहा जण ओढायला लागले, तेव्हा ती बिथरली आणि तिचा पाय टाइलवरून घसरला. मी पोचल्यावर दोर सोडायला लावला. वाळू आणि मातीने भरलेली पोती उथळ बाजूला पायऱ्यांसारखी रचली, वर गोणपाट टाकलं, आणि तिच्या मालकिणीला समोर चारा घेऊन उभं केलं. वीस मिनिटांत ती आपल्या पायांनी बाहेर आली. कुत्रं, वासरू, घोरपड, कुणालाही हेच लागू पडतं: पाय रोवायला जागा द्या, मागून आरडाओरडा थांबवा. तुमच्या घरच्या कुत्र्याला तर पायऱ्या कुठे आहेत हे शिकवायलाच हवं. त्याला पट्ट्याने धरून चारी बाजूंनी पाण्यात न्या आणि दर वेळी पायऱ्यांकडे वळवून बाहेर काढा, आठवडाभर रोज. पोहता येणारी कुत्री पूलमध्ये बुडतात ती पायऱ्या न सापडल्यामुळे.

बिबट्या पाणी प्यायला आला किंवा पुरात मगर आली तर तिथे आपलं काम नाही, दार लावून १९२६. चिपळूणकडे वाशिष्ठीच्या मगरी पावसाळ्यात रस्त्यावर येतात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात मगरीचं पिल्लू निघालं होतं, तेव्हा हे अगदीच अशक्य नाही.

तुमच्यापुरतं या शनिवारचं काम असं करा. दिवसाउजेडी, पंप बंद करून, आकड्याने स्किमर उघडून बघा. पंपरूममधलं सगळं सामान लांब काठीने सरकवत बाहेर काढा, रखवालदाराला गमबूट द्या. साप दिसला तर तिथेच थांबून सर्पमित्राला बोलवा. संध्याकाळी चार पट्ट्या सोडा, फोकस बंद करा, पंप रात्रीच्या वेळेवर लावा. रविवारी सकाळी मुलांना घेऊन पट्ट्या बघायला जा. ओल्या काथ्यावर एखादा बेडूक बसलेला असेल. तो उडी मारून गवतात जाईपर्यंत त्यांना थांबू द्या, मग पाण्यात उतरायचं का ते त्यांनाच विचारा.